रायगडावर ‘शेतात सापडलेली’ शिवराई विकणाऱ्यांपासून सावध राहा

रायगडावर जाणार असाल तर आधी हे वाचा. गडावर किंवा पायथ्याला कुणी ‘नांगरताना सापडलेली’ शिवराई (शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं) किंवा होन (सोन्याचं नाणं) दाखवायला लागला, तर पाकिटाला हात लावू नका. माझे १८,५०० रुपये गेलेत. होनाचे १५,००० आणि शिवराईच्या सात नाण्यांचे, ५०० ला एक याप्रमाणे, ३,५००. त्यातले १०,००० यूपीआयनं दिले, बाकी रोख.

माणूस भामटा वाटावा असा अजिबात नव्हता. गळ्यात भगवं उपरणं, बोलणं आदबशीर. नगारखान्यापासून होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर असं सगळं त्यानं हिंडून दाखवलं. हिरोजी इंदुलकरांचा पायरीवरचा शिलालेख अक्षरावर बोट ठेवून वाचला. फिरवण्याचा एक रुपया घेतला नाही. मग महाराजांच्या समाधीजवळ उभं राहून म्हणाला, “दादा, ६ जून १६७४ ला महाराज इथं छत्रपती झाले आणि स्वराज्याच्या नावाचं नाणं निघालं. ते तुमच्या देवघरात नको?” समाधीसमोर कुणी खोटं बोलेल, असं कुठल्या मराठी माणसाच्या मनात येईल?

आता मला संशय यायला हवा होता त्या क्षणाबद्दल. त्याच्या तळहातावरची नाणी बघताना माझा मुलगा म्हणाला, “बाबा, या दोन्हींना एकाच जागी खाच आहे.” एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि ‘पति’च्या डावीकडे काठावर बारीक खाच. दोन्हींवर, अगदी तीच. त्या माणसानं पापणीही न लववता सांगितलं, “एका ठशाची नाणी सारखीच असणार ना!” हे ऐकायला पटतं. मला नाणकशास्त्र येत नाही आणि गड बघायला जाणाऱ्या कुणाला ते यायलाच हवं, असंही नाही. पण खरं काय ते आता ऐका. ती नाणी हातानं ठोकून पाडलेली असत. ठसा कधी डावीकडे सरकायचा, कधी निम्मी अक्षरं नाण्याबाहेर जायची. आणि झिजून पडलेली खाच दोन नाण्यांवर एकाच जागी कशी येईल? एकाच साच्यात धातू ओतला तरच येईल. घरी येऊन भिंगाखाली धरली तेव्हा सातही नाण्यांवर तीच खाच दिसली. काठावर साच्याच्या दोन भागांच्या जोडाची शिवण कानसलेली दिसते, तीही बघा.

होनाचं तर आणखी संतापजनक. खरा होन साधारण पावणेतीन ग्रॅम सोन्याचा. आजच्या भावानं नुसत्या सोन्याचेच १५,००० च्या वर होतात. “शेतकरी सराफाकडे जायला घाबरतो, म्हणून स्वस्त,” हे त्याचं उत्तर. आमच्या सराफानं कसोटीवर घासलं आणि मान हलवली. पितळ, वर मुलामा.

पोलिसांत गेलो, तर तिथं आरोपी मीच! “सरकारी ठेवा विकत घेतलात, तुमच्यावरच केस होईल.” १८७८ चा निखात निधीचा कायदा मी नंतर वाचला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर ज्याला सापडलं त्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. आणि इथं तर मुळात पितळ आहे! पितळाचा कसला ठेवा? तरीही साहेब तेच धरून बसले. मग म्हणे हद्द आमची नाही, गुन्हा घडला तिथं जा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मी छापून नेलेला कागद त्यांनी वाचलासुद्धा नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार घेतली गेली, पण तोवर खात्यातून पैसे निघून गेले होते. वारशाचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात गेलो, तर “नाणी आमच्याकडे येत नाहीत” म्हणून बोळवण. महाराजांच्या नावानं सोहळे करायला सगळे पुढे, आणि त्यांच्याच नावानं, त्यांच्याच गडावर लूट चाललीय ती थांबवायला कुणी नाही!

पैसे यूपीआयनं गेले असतील तर तासाभरात १९३० ला फोन करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. नाणी फेकू नका, तोच पुरावा आहे. गाईडकडे ओळखपत्र मागा आणि त्याचा फोटो काढा. शिवराई हवीच असेल तर नाव-पत्ता असलेल्या जाणत्या विक्रेत्याकडून पावती घेऊन घ्या. नंतरच्या काळातली झिजलेली शिवराई काही शे रुपयांतही मिळते. होन बघायचा असेल तर संग्रहालयात बघा.

आणि ज्यांनी गडाच्या परिसरात अशी नाणी घेतलीत, त्यांनी आज ती काढून ‘पति’च्या डावीकडची खाच तपासा. सापडली तर तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. माझ्या एकट्याचा अर्ज त्यांनी फायलीत दाबला आहे, दहा अर्ज दाबणं त्यांना जड जाईल.