कोकणच्या हवेत स्केट शूज : दिवाळी ते भाद्रपद

रत्नागिरीत स्केटबोर्ड चालवायचा तर बूट कुठले घ्यायचे, असं नव्याने शिकणारी मुलं आणि त्यांचे आईवडील विचारत असतात. म्हणून सविस्तर लिहिते. गेल्या दिवाळीत घेतलेला सुएडचा जोड भाद्रपदापर्यंत मी बोर्डवर भरपूर वापरला आहे. कंपनीचं नाव देत नाही. अशा बांधणीचे बूट बऱ्याच कंपन्या काढतात आणि इथे बूट टिकतो किंवा जातो तो बांधणीमुळे आणि हवेमुळे.

बोर्डच्या वरच्या बाजूला ग्रिप टेप असतो, म्हणजे सुताराकडचा पॉलिश पेपरच म्हणा. ऑली, म्हणजे बोर्डसकट हवेत उडी, मारताना पुढच्या पायाची करंगळीकडची बाजू त्या टेपवरून घासत वर न्यावी लागते, तेव्हा बोर्ड पायाबरोबर उचलला जातो. साध्या कॅनव्हासला तिथे लवकरच भोक पडतं. सुएड म्हणजे चामड्याची आतली, लव असलेली बाजू. ती घासली तरी धागे सुटत जात नाहीत, हळूहळू पातळ होते. माझ्या जोडाची ती जागा आता गुळगुळीत आणि काळपट झाली आहे, पण भोक अजून पडलेलं नाही. लेस मात्र त्याच बाजूला पुन्हा पुन्हा तुटल्या. जादा लेस घेऊनच ठेवा.

ही गरज जुनी आहे. व्हॅन्स कंपनी 1966 साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला सुरू झाली ती काही स्केटबोर्डसाठी नव्हे. तिच्या बुटांचा रबरी तळ बोर्डला धरून राहतो, म्हणून स्केटर पोरांनी ते आपलेसे केले. 1976 मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या नावाजलेल्या स्केटरना सोबत घेऊन कंपनीने घोट्याजवळ गादी असलेला ‘एरा’ काढला. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड स्कूल’ आला आणि त्यात झिजणाऱ्या जागी चामडं लावलेलं होतं. आज दुकानात दिसणारे बरेचसे स्केट शूज त्याच वाटेवरचे.

तळाचे मुख्य प्रकार दोन. व्हल्कनाइज्ड तळात रबराची पट्टी बुटाभोवती गुंडाळून अख्खा बूट भट्टीत तापवतात. असा तळ पातळ, लवचिक असतो आणि पायाखाली बोर्ड कुठे आहे ते नीट कळतं. कपसोलमध्ये आधीच साच्यातून काढलेला जाड तळ वरच्या भागाला शिवतात किंवा चिकटवतात. त्याचा फायदा उंचावरून उडी मारणाऱ्याला. माझा जोड व्हल्कनाइज्ड आहे. सपाटीवर शिकताना तो मला फारच आवडला, पण जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून उडी घेतली की टाच दणकून दुखते. पायऱ्या, कठडे यांचा नाद असेल त्याने कपसोल घ्यावा.

आता पावसाळा. मिरग लागल्यापासून ते नवरात्र जवळ येईपर्यंत इथली हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. सुएड भिजला की जड होतो आणि नुसता ठेवला तर लवकरच त्यावर पांढरी बुरशी धरते. मी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, लेस सैल करून, जीभ बाहेर ओढून बूट पडवीत पंख्याखाली ठेवते आणि बोळे बदलत राहते. चुलीजवळ मुळीच ठेवू नका. उष्णतेने सुएड कडक होतो आणि सोल्युशन सुटतं. एका पायाची रबरी पट्टी अंगठ्याजवळ थोडी उकलली होती, ती बाजारातल्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांनी घासून, चिकटवून दिली आणि ती अजून घट्ट आहे.

कपाटात जपून ठेवलेले स्पोर्ट्स शूज लग्नाच्या दिवशी काढावेत आणि चार पावलांत तळाचा भुगा व्हावा, हे आपल्याकडे घरोघरी पाहिलेलं असतं. त्या तळात पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि दमट हवेतल्या पाण्याने तो आतून तुटत जातो. रबरी व्हल्कनाइज्ड तळाला ते दुखणं नाही. माझ्या मते कोकणात हा प्रकार घेण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच. आतली इनसोल मात्र फोमची असू शकते, तेव्हा ती निघणारी आहे का ते घेतानाच बघा, म्हणजे वेगळी वाळवता येते.

शेवाळ धरलेल्या कातळावर किंवा ओल्या काँक्रीटवर कुठलाही तळ पकडत नाही. पाऊस असला की मी फक्त छताखाली चालवते. किनाऱ्यावर बूट घालून जाऊ नका. तळाच्या नक्षीत अडकलेली वाळू टेपवर येते, चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि खाऱ्या हवेत ती लगेच गंजतात. रंगाचंही बघा. माझा जोड फिकट आहे आणि तांबड्या धुळीने त्याचा मूळ रंग केव्हाच गेला. ब्रशने धूळ निघते, डाग निघत नाही.

माप ऑनलाइन मागवताना आपल्याकडचे रुंद पंजे लक्षात घ्या. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या पायाला हे बूट सुरुवातीला करंगळीशी आवळतात. माझे आठवडाभरात सैलावले, तरी बदलून मिळण्याची सोय असेल तिथूनच घ्या.

त्याच कंपनीची जाड कापडाची पँटही घेतली होती. गुडघा खरचटण्यापासून ती खरंच वाचवते. पण मे महिन्यात अंगाला चिकटते आणि श्रावणात दोरीवर दिवसेंदिवस ओलीच राहते. त्यापेक्षा पातळ सुती पँट आणि गुडघ्याला पॅड हे इथे जास्त सोयीचं. पैसे बुटावरच घाला.

पुढचा जोडही सुएडचा आणि व्हल्कनाइज्डच घेणार, फक्त काळा. आणि तो गणपती विसर्जन झाल्यावर, पाऊस ओसरला की.