सात महिने विंडो कीबोर्डवरून लावतेय: काय अंगवळणी पडलं, काय सुटलं

माझं काम भाषांतराचं. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला मसुदा, मागे कुठेतरी शब्दकोश आणि मेल. वर्षानुवर्षं मी विंडोची कड माउसने पकडायची, ताणायची, पुन्हा सरकवायची, आणि तेवढ्यात वाक्य डोक्यातून निसटायचं. शेवटी ठरवलं, विंडोंसाठी माउसला हात लावायचा नाही.

सुरुवात सोपी होती. विंडोज की धरून डावा किंवा उजवा बाण दाबला की विंडो अर्ध्या स्क्रीनवर जाऊन बसते. ही सोय 2009 च्या विंडोज 7 पासून आहे आणि मला तिचा पत्ता नव्हता! पहिल्या आठवड्यात 'लेफ्ट' म्हणून मी बाणाऐवजी एल दाबायचे आणि स्क्रीन लॉक व्हायची. पासवर्ड टाकून टाकून सवय सुटली. एक अर्धा भरला की उरलेल्या भागात बाकीच्या विंडोंची छोटी चित्रं येतात. बाणाने निवडून एंटर, नको असेल तर एस्केप.

विंडोज 10 पासून अर्ध्या विंडोवर वरचा किंवा खालचा बाण दाबला की ती पाव स्क्रीन होते. लॅपटॉपवर पाव विंडोत धड काही वाचता येत नाही, त्यामुळे ते मी सोडूनच दिलं. विंडोज 11 मधलं विन+झेडही तसंच. मांडण्यांचा तक्ता दिसतो छान, पण तो बघून निवडेपर्यंत माझे दोन बाण दाबून झालेले असतात.

खरा फरक पडला तो रुंद मॉनिटर घेतल्यावर. 34 इंचांचा अर्धा भागही इतका रुंद, की ओळ वाचताना मान फिरते. तिथे पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स कामी आलं. पॉवरटॉइज म्हणजे विंडोजसाठीच्या जादा सोयींचा संच, मायक्रोसॉफ्टचाच, फुकट; फॅन्सीझोन्स त्यातलं स्क्रीनचे कप्पे पाडणारं साधन. मी तीन उभे कप्पे आखले: मधला रुंद, कडेचे अरुंद. सेटिंगमध्ये विंडोज स्नॅपऐवजी (म्हणजे वरच्या अर्ध्या-पाव स्क्रीनच्या सोयीऐवजी) फॅन्सीझोन्सने बाण वापरावेत असा पर्याय आहे. तो चालू केला की विन+बाणाने विंडो एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते. कप्प्यांमध्ये मुळात 16 पिक्सेलची फट असते, ती मी शून्य केली. एक मर्यादा लक्षात ठेवा: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली विंडो पॉवरटॉइजही तसंच चालवल्याशिवाय हलत नाही. मी हिशेबाचं एक सॉफ्टवेअर तसं उघडते. कप्प्यात बसेना, तेव्हा अर्धा तास मी फॅन्सीझोन्सलाच दोष देत होते.

मॉनिटर काढला की कधीकधी एखादी विंडो गायब होते. टास्कबारवर दिसते, स्क्रीनवर नाही. तेव्हा ती निवडून ऑल्ट+स्पेस, मग एम, मग कुठलाही बाण एकदा; आता माउस हलवला की ती त्याला चिकटून येते. (हो, इथे माउस लागतोच. नियम मोडला.) विंडो मॅक्सिमाइज असेल तर आधी रिस्टोर करा. आणि पॉवरटॉइज रनला (पॉवरटॉइजमधल्या शोधपट्टीला) ऑल्ट+स्पेस दिलेलं असेल तर ते बदलून घ्या, नाहीतर तीच उघडते.

विन+कंट्रोल+डी ने नवा आभासी डेस्कटॉप, म्हणजे विंडोंसाठी आणखी एक रिकामा पडदा उघडतो, विन+कंट्रोल+बाणाने इकडून तिकडे जाता येतं. मेल आता दुसऱ्या डेस्कटॉपवर असतो, म्हणजे नजरेआड. चुकून विन+कंट्रोल+एफ4 दाबलं तेव्हा धस्स झालं होतं, पण डेस्कटॉप बंद झाला तरी त्यावरच्या विंडो शेजारच्यावर येतात.

मॅकवर मात्र बोटं अजून अडखळतात. 2024 च्या सिकोया या मॅकओएस आवृत्तीपासून तिथे ही सोय आत आली, एफएन+कंट्रोल+बाण. त्याआधीपासून रेक्टँगल नावाचं फुकट ॲप आहे, त्यात कंट्रोल+ऑप्शन+बाण. मी अजून रेक्टँगलच वापरतेय, कारण एफएनपर्यंत करंगळी नीट पोहोचत नाही.