दुसरी बाजू दोनदा वाजते: आईच्या प्लेअरचा सात महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत आईच्या गाणी ऐकायच्या प्लेअरसाठी मी सर्व्हिस सेंटरला ३५४ रुपये भरले. ३०० तपासणीचे, ५४ जीएसटीचे. काउंटरवरच्या मुलाने प्लेअर आतून पूर्ण पुसून परत दिला आणि सांगितलं, "सर, गाण्यांची नावं इंग्रजीत टाकत जा, मग काही प्रॉब्लेम येणार नाही." गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून 'आमची सेवा कशी वाटली' असा मेसेज आला. पाचपैकी किती तारे असं विचारलं होतं. ही गोष्ट ताऱ्यांत मावणारी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे हाच प्लेअर आहे त्यांना वर्णनावरून कळेल: १६ जीबी, बाजूला कार्डाची खाच, पुढे पाच बटणं, छोटी स्क्रीन. दिवाळीच्या पाडव्याला ४,९०० ला घेतला.

घेतला आईसाठी. ती ८१ वर्षांची आहे. फोनवर गाणी लावून दिली की मध्येच कोणाचा तरी कॉल येतो, बोट भलतीकडे लागतं, आणि मग ती फोन बाजूला ठेवून देते. तिला बोटांनी चाचपून सापडतील अशी बटणं हवी होती. आणि ऐकायचं होतं ते बाबांचं भजन. बाबा कऱ्हाडला भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. १९८६ ते १९९४ या काळातल्या त्यांच्या ४६ कॅसेट आमच्याकडे आहेत, बहुतेक सी-६०, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. २०१२ पासून मी त्या सवडीने कॉम्प्युटरवर घेतल्या. डेकमधून लाइन-इनला वायर, ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग, मग एकेक अभंग वेगळा कापायचा. साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला १० एमबी लागतात, तासाला ६०० एमबी. म्हणून घरच्या डिस्कवर फ्लॅक (आवाज न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइली) ठेवले आणि प्लेअरसाठी त्याहून लहान, १९२ केबीपीएसचे एमपी३ केले. सगळं मिळून जेमतेम ४ जीबी झालं. फाइली ५४८.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. आवाज स्वच्छ. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमार फोनच्या स्पीकरवर कधी कळलाच नव्हता. या प्लेअरवर साध्या हेडफोननेही तो ऐकू येतो. पहिल्या दिवशी आईने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. खोक्यावर बॅटरी २० तास लिहिली आहे, आमच्याकडे १४ तास जाते, म्हणजे आईला चार-पाच दिवस पुरते. बटणं दणकट आहेत. पहिले दोन महिने मी ज्याला त्याला हाच घ्या म्हणून सांगत होतो.

जानेवारीत एका संध्याकाळी आईने हाक मारली. "अरे, भैरवी झाली की! भैरवीनंतर परत गौळण कशी लागली?"

भजनाचा क्रम ज्यांना माहीत आहे त्यांना यातली गफलत लगेच कळेल. रामकृष्णहरीने सुरुवात, मग रूपाचा अभंग, पुढे गौळण, आणि भैरवी झाली की उठायचं. मला वाटलं रिपीटचं बटण दाबलं गेलं असेल. तसं नव्हतं. सात नंबरच्या कॅसेटची पहिली बाजू एकदा वाजली, दुसरी दोनदा. आठ नंबरचीही तशीच. सगळ्यांचीच. प्लेअरमध्ये ५४८ ऐवजी ८१९ गाणी दिसत होती.

मी पहिला दोष दिला वायरला. त्यात तथ्य नव्हतं, पण वायरीबद्दल एक सांगून ठेवतो. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त चार्जिंग वायरीत माहितीच्या दोन तारा नसतातच. त्यामुळे प्लेअर चार्ज होतो आणि कॉम्प्युटरला दिसत नाही. डब्यातली वायर जपून ठेवा.

दुसरा दोष दिला जोडणीच्या पद्धतीला. सेटिंगमध्ये एमटीपी आणि मास स्टोरेज असे दोन पर्याय आहेत. एमटीपीत फाइलींचा कारभार प्लेअरच्या हातात राहतो, कॉम्प्युटर फक्त मागणी करतो. मध्ये वायर हलली तर अर्धवट फाइल राहू शकते. मास स्टोरेजमध्ये प्लेअर पेनड्राइव्हसारखा उघडतो आणि काय आहे, काय नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. मी मास स्टोरेजवर आणला आणि जास्तीच्या फाइली हाताने उडवल्या. तरी आईच्या यादीत नावं तशीच! नावावर गेलं की 'फाइल सापडली नाही'.

याचं कारण असं की प्लेअर यादी फोल्डरवरून दाखवत नाही, स्वतःच्या डेटाबेसवरून, म्हणजे आत ठेवलेल्या नोंदवहीवरून दाखवतो. ही पद्धत जुनी आहे. २००१ साली आलेल्या ॲपलच्या आयपॉडमध्येही गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये पडलेली असायची आणि यादीतलं नाव डेटाबेसमधून यायचं. तिथे आयट्यून्स हा ॲपलचा प्रोग्राम डेटाबेस स्वतः सांभाळायचा. इथे कंपनीचा गाणी भरायचा प्रोग्राम फक्त भर घालतो. काढलेल्या फाइलीची नोंद तो काढत नाही, तसा पर्यायच दिलेला नाही. सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर 'लायब्ररी पुन्हा बांधा' आहे, ते हाताने करावं लागतं, आणि त्याला सहा मिनिटं लागतात. ८१ वर्षांच्या बाईने हे कुठून शोधायचं?

पुढच्या वेळी लॅपटॉप जोडला आणि पुन्हा ८१९. तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथे काय झालं ते वर लिहिलंच आहे. प्लेअर पुसण्याआधी त्या मुलाने एका शब्दाने विचारलं नाही. माझ्याकडे घरी प्रत होती म्हणून निभावलं. एखाद्याचा बापाचा आवाज त्या एकाच यंत्रात असता तर तो ३५४ रुपये भरून कायमचा गेला असता. आणि वर सल्ला, नावं इंग्रजीत टाका. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिच्या नवऱ्याचं भजन तिने परक्या अक्षरांत का शोधावं? मी तिथे आवाज चढवला, त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता इथून माझं मत बदललं, तेही लिहायला हवं.

एप्रिलमध्ये आईनेच दाखवलं. "हे बघ, दोन फोल्डर आहेत, पण एकात मध्ये डबी आहे." स्क्रीनवर 'दुसऱ्या बाजूचे' असे दोन फोल्डर होते, आणि त्यातल्या एकात 'र' नंतर रिकामा चौकोन. मी तो चौकोन महिनाभर बघत होतो. प्लेअरचा फॉन्ट वाईट आहे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडते, जोडाक्षरं फुटतात, त्यातलाच हा प्रकार असं समजून सोडून देत होतो. खरं दुखणं त्या चौकोनातच होतं.

'दुसऱ्या', 'कऱ्हाड', 'तऱ्हा' यांतला हा जो आपला अर्धा र आहे, तो कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलंत, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ते ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतं. दुसरी तऱ्हा, साधा र, हलंत, आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह. पडद्यावर 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हुबेहूब सारखे दिसतात. कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी नावं आहेत, आणि विंडोज एकाच फोल्डरमध्ये दोन्ही सुखाने नांदू देतं. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर २०१२ पासूनची नावं जॉइनरवाली. डिसेंबरात मुलीने तिच्या लॅपटॉपवर सगळी नावं इनस्क्रिप्टमध्ये नीट टाइप करून दिली, ती ऱ वाली. मी कधी डेस्कटॉप जोडायचो, कधी लॅपटॉप. कंपनीचा सिंक करणारा, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्लेअरवरच्या फाइली ताडून भरणारा प्रोग्राम नाव जुळवतो. नाव जुळलं नाही की ही नवीन वस्तू, घाल आत. 'पहिल्या' मध्ये हा र नाही, म्हणून पहिली बाजू एकदाच. 'दुसऱ्या' मध्ये आहे, म्हणून दुसरी बाजू दोनदा. दुसऱ्या बाजूच्या फाइली २७१, आणि ५४८ मध्ये २७१ मिळवले की बरोबर ८१९.

तेव्हा गाणी दुप्पट होण्याचा दोष प्लेअरचा नव्हता, आमच्या दोन तऱ्हांच्या टायपिंगचा होता. हे मी मान्य करतो. पण सर्व्हिस सेंटरला मराठी वाचता येणारा, त्या चौकोनाकडे बघून 'हे काय आहे' असं म्हणणारा एक माणूस असता तर तीन महिने वाचले असते. हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो.

दुरुस्ती कशी केली ते सांगतो. एमपी३टॅग हा फाइलींची नावं आणि टॅग बदलणारा प्रोग्राम विंडोजवर फुकट आहे. त्यात शोधा-बदला वापरून 'र, हलंत, जॉइनर' या तिन्हींच्या जागी 'ऱ, हलंत' घातलं. नुसतं अदृश्य चिन्ह उडवू नका. ते उडवलं की 'दुसर्‍या' चं 'दुसर्या' होतं, रफार वर चढतो आणि शब्दच बिघडतो. मी पहिल्या खेपेस ५० फाइली अशा बिघडवल्या आणि परत केल्या. फोल्डरची नावं तेवढी हाताने बदलली. शिवाय फोल्डरच्या आधी '१' आणि '२' घातले, कारण अकारविल्हे लावलं की 'दुसऱ्या' चा द 'पहिल्या' च्या प च्या आधी येतो आणि दुसरी बाजू पहिली वाजते.

त्याच बैठकीत टॅगही, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, सुधारले. काही गाण्यांच्या नावाजागी परदेशी खुणांचा कचरा दिसत होता. एमपी३च्या आयडी३ टॅगची २.४ ही आवृत्ती अक्षरं साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत चालवते, आणि हा प्लेअर ती नीट वाचत नाही. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये 'आयडी३ २.३, यूटीएफ-१६' निवडून सगळं पुन्हा सेव्ह केलं की देवनागरी येते. ज्यांच्याकडे जुने प्लेअर आहेत त्यांनी सगळ्यात आधी हे करून बघा.

कंपनीचा प्रोग्राम मी काढून टाकला. आणखी एक कारण होतं. दर वेळी निम्म्या फाइली तो पुन्हा कॉपी करायचा, काहीही बदललेलं नसताना. प्लेअरची साठवण फॅट३२ या फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीची आहे, आणि फॅट३२ फाइलीची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदवते. कॉम्प्युटरवर १७व्या सेकंदाला सेव्ह झालेली फाइल तिथे १८व्या सेकंदाची होते, आणि प्रोग्राम म्हणतो वेळ वेगळी, घाला परत. विषम सेकंदाच्या फाइली रोज जायच्या, सम सेकंदाच्या नाही. तपासून बघितलं, अगदी असंच होतं. फ्रीफाइलसिंक नावाचा दुसरा प्रोग्राम हा फरक दोन सेकंदांपर्यंत चालवून घेतो. आता मी तो वापरतो, 'मिरर' पद्धतीने, म्हणजे घरी जे नाही ते प्लेअरवरूनही जातं. पण बटण दाबण्याआधी यादी वाचायचीच. मिररमध्ये डावी-उजवी चुकली तर प्लेअरवर जे नाही ते घरच्या मूळ डिस्कवरून जाईल.

मे महिन्यापासून गाणी आतल्या १६ जीबीत ठेवतच नाही. ३२ जीबीचं कार्ड घेतलं. ३२ पर्यंतची कार्डं साधारणतः फॅट३२ मध्येच येतात, त्यावरची एक्सफॅटमध्ये, आणि ती या प्लेअरला चालत नाहीत. कार्ड काढायचं, रीडरमधून भरायचं, परत घालायचं. कार्ड बदललं की डेटाबेस आपोआप नव्याने बांधला जातो, तिसऱ्या पानावर जावं लागत नाही. आणि सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर कार्ड घरी राहील. कोणी घेणार असेल तर माझं म्हणणं एवढंच: ४,९०० जास्त आहेत, ३,५०० पर्यंत मिळाला तर घ्या, कार्ड पहिल्या दिवशीच घाला, आणि कंपनीची सीडी खोक्यातच राहू द्या. चौकोन आणि फुटकी जोडाक्षरं तशीच आहेत. मार्चमध्ये आलेल्या अपडेटनेही त्यात फरक पडला नाही.

दुसऱ्या बाजू ४५ च आहेत. ३८ नंबरच्या कॅसेटची फीत आतून चिकटली आहे, पहिली बाजू कशीबशी उतरवली आणि नंतर ती ओढली जाईना. आईच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यात बाबांचा एकट्याचा पखवाज आहे. पुणे किंवा सातारा भागात फीत न तोडता कवच उघडून दुसऱ्या कवचात बसवून देणारं कोणी माहीत असेल तर जरूर कळवा. कॅसेट मी स्वतः घेऊन येईन, कुरिअरने पाठवणार नाही.