इंदूरच्या बागेत फुलदाणीसाठी काय लावावं: डेल्फिनियम की लार्कस्पर?

निळ्या फुलांचे उंच तुरे घरच्या बागेतून कापून फुलदाणीत ठेवायचे असतील, तर हे दोनच पर्याय समोर येतात. दोन्ही एकाच कुळातली. डेल्फिनियम थंड मुलखातलं, तिकडे वर्षानुवर्षं टिकणारं. तुरा जाड, फुलं मोठी आणि दाट. लार्कस्पर एका हंगामाचा, तुरा सडपातळ, पानं शेपूसारखी बारीक. पहिल्यांदाच लावणाऱ्यांनी लार्कस्परच लावावा, असं आमचं मत आहे. इंदूरची थंडी त्याला पुरते, डेल्फिनियमला तोकडी पडते.

डेल्फिनियमला पेरणीपासून तुरा यायला साधारण ५ महिने लागतात. मार्चमध्ये दुपारचं तापमान ३५ अंशांच्या आसपास जाऊ लागलं की तुरे आखूड राहतात आणि फुलं भराभर गळतात. म्हणजे फेब्रुवारीअखेर फुलं हवीत, तर बी सप्टेंबरअखेर पेरायला हवं. अडचण इथेच आहे. हे बी १५ ते १८ अंशांना चांगलं उगवतं आणि सप्टेंबरात इथे रात्रीसुद्धा हवा त्याहून गरम असते. उकाड्यात बी नुसतं पडून राहतं किंवा कुजतं. शिवाय ते फार काळ टिकत नाही. दुकानात अख्खा उन्हाळा काढलेलं पाकीट घेतलं तर निम्मंही उगवत नाही, म्हणून पॅकिंगची तारीख बघा आणि घरी आणल्यावर ते हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

तरीही करायचंच असेल तर बी ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून आठवडाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. मग कोकोपीटच्या ट्रेमध्ये ३ मिलिमीटर खोल पेरून घरातल्या सगळ्यात गार खोलीत झाकून ठेवावं. १२व्या दिवसापासून रोज बघावं आणि कोंब दिसताच झाकण काढून ट्रे उजेडात आणावा. एक-दोन दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट आणि लुळी होतात. पहिल्या दोन बीजपानांनंतरची तीन-चार खरी पानं आली की ३० सेंटिमीटर अंतरावर लावावं.

लार्कस्परला यातलं फारसं काही लागत नाही. दिवाळीच्या सुमारास रात्री गार होऊ लागल्या की ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बी थेट वाफ्यात पेरावं आणि सेंटिमीटरभर मातीने झाकावं, कारण त्यालाही अंधारातच उगवायला आवडतं. सोटमूळ असल्यामुळे उपटून लावलेलं रोप खुरटतं. दाट उगवलेली रोपं विरळ करून १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवावं. निम्मं बी १५ दिवसांनी पेरलं तर फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त दिवस मिळतात. डिसेंबरअखेर पेरलेल्याला मात्र कापण्याजोगी दांडी येत नाही: झाड बसकं असतानाच उन्हं तापतात आणि ते घाईने फुलतं.

माळव्याची काळी माती दोघांनाही जड जाते. ती पाणी धरून ठेवते आणि खोडाचा तळ कुजतो. डेल्फिनियम यात आधी जातं: वरची पानं हिरवी दिसत असतानाच रोप हलवलं की मुळापासून सुटून हातात येतं. २० ते २५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, चौरस मीटरला ४-५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, पाणी सकाळी बुंध्याशी द्या. युरिया नको, दांड्या मऊ होऊन पडतात. फेब्रुवारीत पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारावं.

आधार दोघांनाही हवा. डेल्फिनियमची दांडी पोकळ असते, वाऱ्याने तळाशीच मोडते. प्रत्येक तुऱ्याला वेगळी बांबूची काठी लावा. लार्कस्परच्या वाफ्यावर ३० सेंटिमीटर उंचीवर जाळी ताणली की पुरते. फुलांच्या संख्येतही लार्कस्पर पुढे: मधला तुरा कापल्यावर बाजूचे चार-पाच येतात. डेल्फिनियमचा एक मोठा तुरा आणि दोन-तीन लहान. थंड प्रदेशात ते छाटल्यावर पुन्हा फुलतं, इथे तोवर एप्रिल-मे उजाडलेला असतो.

कापण्याची रीत एकच. तुऱ्याची खालची पाव ते तिसरा हिस्सा फुलं उमलली की सकाळी ऊन चढण्याआधी कापा, खालची पानं काढून तीन-चार तास खोल पाण्यात ठेवा. डेल्फिनियमची पोकळ दांडी उलटी धरून पाण्याने भरावी आणि कापसाचा बोळा लावावा. पिकणारी केळी, आंबे आणि उदबत्तीचा धूर यांतल्या इथिलीन वायूने दोघांच्याही पाकळ्या गळतात, त्यामुळे फुलदाणी फळांच्या टोपलीपासून आणि देवघरापासून लांब असू द्या.

डेल्फिनियमच्या दिमाखाची सर लार्कस्परला नाही, हेही खरं. तो तुरा हवाच असेल तर ‘मॅजिक फाउंटन्स’सारख्या बुटक्या जातीची तीन-चार रोपं १२ इंची कुंड्यांत, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी लावा, आणि वाफा लार्कस्परला द्या.

दोन्ही झाडं, विशेषतः बिया आणि कोवळी पानं, विषारी आहेत. छाटलेला पाला दारात आलेल्या गाईपुढे टाकू नका, ओल्या कचऱ्यात द्या.