फ्लॅट बघितला, किल्ली मिळाली, तरी 68 हजार गेले (ग्वाल्हेरात घर शोधणाऱ्यांनी वाचाच)

ग्वाल्हेरला बदली होऊन येणाऱ्यांसाठी आणि मुलांना इथे शिकायला पाठवणाऱ्यांसाठी लिहितेय. सगळे सांगतात नुसते फोटो बघून पैसे देऊ नका, आधी घर बघा. अहो आम्ही बघितलं होतं घर, नळाला पाणी किती वाजता येतं तेही विचारलं होतं, आणि तरी माझ्या बहिणीचे पैसे गेले.

भाऊजींची भोपाळहून बदली झाली, टू बीएचके हवा होता थाटीपूर नाहीतर सिटी सेंटरकडे. त्या बाजूला आम्हाला जो तो 11-12 हजार किराया सांगत होता. हा फ्लॅट दाखवणारा, स्वतःला मालक म्हणवणारा माणूस पण 11 च म्हणाला, पण पुढे म्हणाला सहा महिन्यांचा एकदम द्याल तर 8,500 ला देतो, डिपॉझिट दोन महिन्यांचं, मुलीचं लग्न काढलंय म्हणून एकरकमी पैसे लागतायत. एकदम पाच हजार सांगितलं असतं तर कुणालाही शंका आली असती, त्याने भाव थोडाच उतरवला आणि उतरवायला कारण दिलं. डिपॉझिट पण बरोब्बर दोनच महिन्यांचं, केंद्राच्या 2021 च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये आहे तेवढंच, खरी रक्कम ॲडव्हान्सच्या नावाखाली घेतली.

आणि तो मराठीत बोलत होता हो! इथे मराठी माणूस भेटला की आपण किती पटकन आपला मानतो ते इथल्या लष्कर भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. "ताई, आम्ही शिंदे की छावणीतले, आजोबा संस्थानात नोकरीला होते," आईशी तर कोणाचं माहेर कुठलं इथपर्यंत गप्पा झाल्या. मला पैशांपेक्षा याचा जास्त संताप आहे.

ॲग्रीमेंट झालं, नोटरीचा शिक्का बसला. पण घर खरंच त्याचं आहे का हे नोटरी तपासत नाही, तो सही करणारा कोण तेवढंच बघतो. आणि अकरा महिन्यांचं असल्यामुळे रजिस्ट्रेशनची पण गरज नाही, 1908 च्या कायद्याने ते वर्षापेक्षा जास्त मुदत असेल तर लागतं, म्हणजे मालकीचा कागद कुठेच कोणी बघितला नाही.

सामानाचा टेम्पो पोचला तर गेटवर आधीच दुसरा टेम्पो उभा, जवळच्या डबरा गावाहून आलेलं एक कुटुंब, त्यांच्याकडेही किल्ली आणि ॲग्रीमेंटवर तोच फ्लॅट नंबर. त्यांची म्हातारी आई खुर्चीवर सामानाशेजारी बसून होती दुपारभर. वॉचमनने खऱ्या मालकांचा नंबर दिला, ते नोएडाला असतात, ते म्हणाले हा तर किरायेदार, महिन्याभरापूर्वीच आलेला. म्हणजे किराया एकाला भरला आणि वसुली किती जणांकडून केली देव जाणे. फोन तेव्हापासून बंद.

तर कृपा करून लाईट बिल मागा, नगर निगमच्या संपत्तीकराची रसीद मागा, रजिस्ट्री (खरेदीखत) बघा, आणि तिन्हीवरचं नाव आधारशी जुळतंय का पहा. बिल बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे म्हणाला तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका. समोरच्या दाराची बेल वाजवा, मालक कोण आणि तुम्ही किराया किती देता दोन्ही विचारा. आमच्याबरोबर तो सारखा चिकटून असायचा, शेजाऱ्यांशी बोलूच दिलं नाही. आणि किरायेदाराची माहिती ठाण्यात द्यायची असते ना, ती "मी देतो नंतर" म्हणाला होता, तुम्ही म्हणा पैसे द्यायच्या आधी आपण बरोबरच जाऊ.

40 हजार यूपीआयने दिले होते, त्यासाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त. बाकीचे 28 हजार रोख, त्याचा काहीच माग नाही, म्हणून रोख देऊच नका. ठाण्यात आमची आणि डबऱ्याच्या लोकांची तक्रार दिलीय, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली. थाटीपूरमध्ये अजून कोणी असे सहा महिन्यांचे पैसे दिले असतील तर लाजून घरी बसू नका, ॲग्रीमेंट घेऊन ठाण्यात जा, तक्रारी जितक्या जास्त तितका टीआय साहेबांवर (ठाण्याच्या प्रमुखांवर) दबाव येईल.