युद्धकालीन ग्लायडरांचा अभ्यास: छायाचित्रे आणि पथकांच्या नोंदी देणाऱ्या अभिलेख सेवांचे परीक्षण

५ मार्च १९४४ रोजी आसामच्या काछार भागातील लालाघाट धावपट्टीवर अमेरिकन वायुदलाचे ग्लायडर, म्हणजे दुसऱ्या विमानाने ओढून न्यायची बिनइंजिनाची विमाने, ओळीने उभे होते आणि उड्डाणाला थोडाच वेळ उरला असताना, त्याच दुपारी काढलेले एक हवाई छायाचित्र मोहिमेचे ब्रिटिश सेनानी मेजर जनरल ऑर्ड विन्गेट यांच्या हाती आले. ब्रह्मदेशातील ज्या दोन मोकळ्या जागांवर त्या रात्री ग्लायडर उतरायचे होते, त्यांपैकी ‘पिकॅडिली’ या सांकेतिक नावाच्या जागेवर सागाचे ओंडके आडवे पसरलेले त्यात स्पष्ट दिसत होते. विन्गेट यांनी या जागांवरून टेहळणी करण्यास मनाई केली होती, तरीही ग्लायडर पुरवणाऱ्या अमेरिकन पथकाचे प्रमुख कर्नल फिलिप कॉक्रन यांनी विमान पाठवले आणि चार्ल्स रशॉन यांनी हे छायाचित्र टिपले. शत्रूला बेत कळला असावा अशी शंका घेत धावपट्टीवरच चर्चा झाली आणि सगळे ग्लायडर ‘ब्रॉडवे’ या दुसऱ्या जागेवर पाठवण्याचा निर्णय झाला. ते ओंडके स्थानिक लाकूडतोड्यांनी वाळत घातले होते, हे नंतर उघड झाले. उलट ब्रॉडवेच्या छायाचित्रांत मोकळे, सपाट दिसणारे गवत होते. त्या गवताखाली ओंडके ओढून नेल्याने पडलेले खोल चर मात्र कोणालाही दिसले नव्हते. त्या रात्री पहिले ग्लायडर त्या चरांमध्ये अडकून मोडले आणि मागून येणारे त्यांच्यावर आदळले.

ग्लायडरांच्या इतिहासाचा अभ्यास कसा करावा, याचा पहिला धडा या प्रसंगात आहे. छायाचित्र ओंडके दाखवते, पण ते तेथे का आले हे सांगत नाही. पथकाची नोंद चरांविषयी सांगते, पण त्यांत अडकलेल्या ग्लायडरची अवस्था दाखवत नाही. म्हणून शत्रूच्या पिछाडीला सैन्य उतरवण्याच्या या मोहिमेचा, म्हणजे ‘थर्स्डे’चा, मागोवा घेताना मी ज्या सार्वजनिक अभिलेख सेवा वापरल्या, त्यांचे परीक्षण करताना कसोटी एकच ठेवली आहे: भारतात घरी बसून अभ्यास करणाऱ्या वाचकाला छायाचित्र आणि मूळ नोंद ही दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात की नाही.

सुरुवात लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारापासून करावी, कारण त्याची ‘डिस्कव्हरी’ ही सूची माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत शिस्तबद्ध सूची आहे. लष्करी पथकांच्या युद्ध-डायऱ्या युद्धक्षेत्रानुसार वेगवेगळ्या मालिकांमध्ये लावलेल्या आहेत: आग्नेय आशियासाठी डब्ल्यूओ १७२, वायव्य युरोपसाठी डब्ल्यूओ १७१. एकदा ही रचना ध्यानात आली की ब्रॉडवेवर उतरलेल्या मायकेल कॅल्व्हर्ट यांच्या ७७व्या भारतीय पायदळ ब्रिगेडच्या नोंदी कोठे शोधायच्या, हे सूचीच सांगते. अडचण पुढे येते. रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांची कार्यवृत्त पुस्तके, म्हणजे एअर २७ ही मालिका, संगणकावर उतरवून घेता येते. लष्कराच्या डायऱ्यांचे बरेचसे भांडार मात्र अजून कागदावरच आहे. दुरून मागणी करायची तर आधी पाने मोजून घेण्याचे शुल्क भरावे लागते आणि मग प्रतींचे. महिनाभराची डायरी आणि तिची परिशिष्टे मिळून खर्च लक्षणीय होतो. आपले कोणी लंडनमध्ये राहत असेल तर गोष्ट अगदी सोपी होते, कारण वाचनालयाचे ओळखपत्र मोफत मिळते आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने पाने टिपण्यास पैसे पडत नाहीत. ब्रिटनमधील मराठी मंडळींपैकी इतिहासाची आवड असलेल्यांनी एखादा शनिवार यासाठी अवश्य द्यावा. सोबत पेन्सिल न्यावी, शाईचे पेन आत नेता येत नाही.

ही सेवा सर्वोत्तम कोठे चालते, हे फ्रान्समधील नॉर्मंडीच्या उदाहरणावरून कळते. ६ जून १९४४ च्या पहाटेआधी मेजर जॉन हॉवर्ड यांची तुकडी बेनूव्हिल येथील कालव्यावरचा आणि शेजारच्या ऑर्न नदीवरचा पूल घेण्यासाठी सहा होर्सा या ब्रिटिश बनावटीच्या ग्लायडरांतून उतरली. त्या ग्लायडरांना ९१ ते ९६ असे चॉक क्रमांक, म्हणजे त्या मोहिमेपुरते ओळख-क्रमांक, दिलेले होते, आणि त्यांना ओढणारी हॅलिफॅक्स विमाने टॅरंट रश्टन तळावरच्या २९८ आणि ६४४ या स्क्वाड्रनांची होती. स्क्वाड्रनच्या कार्यवृत्तात दोन प्रकारचे तक्ते असतात. ५४० क्रमांकाच्या तक्त्यात दिवसाचा सारांश असतो, तर ५४१ क्रमांकाच्या तक्त्यात प्रत्येक विमान, त्याचे कर्मचारी, उड्डाणाची आणि परतण्याची वेळ यांची नोंद असते. चॉक क्रमांक हा या अभ्यासातला खरा दुवा आहे, कारण तो ग्लायडरच्या अंगावर लिहिलेला असे आणि भार-यादीतही तोच असे. छायाचित्रात क्रमांक वाचता आला की त्या ग्लायडरमध्ये कोण बसले होते, काय लादले होते आणि त्याला कोणी ओढले, हा सगळा धागा उलगडतो. ९४ क्रमांकाचा ग्लायडर नेमलेल्या जागेपासून दूर, दीव्ह नदीजवळ उतरला. पुलांजवळच्या छायाचित्रांत तो का नाही, याचे उत्तर नोंदी वाचल्याशिवाय मिळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सेवा वेगळ्या स्वभावाची आहे आणि छायाचित्रांपुरते बोलायचे तर तिच्याइतकी उदार सेवा दुसरी नाही. मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथे वायुदलाची युद्धकालीन छायाचित्रे ३४२-एफएच या मालिकेत, तर लष्कराच्या सिग्नल कोअर या संदेशवहन विभागाची १११-एससी या मालिकेत ठेवलेली आहेत. जेवढी संकेतस्थळावर आली आहेत तेवढी मोठ्या आकारात विनाशुल्क उतरवता येतात, आणि सरकारी छायाचित्रकारांनी काढलेली असल्याने ती पुन्हा छापण्यावर सहसा बंधन नाही. बेपत्ता विमान-कर्मचाऱ्यांचे अहवालही येथेच आहेत. ज्यांच्या कुटुंबातील कोणी युद्धात हरवले त्यांच्यासाठी हे कागद म्हणजे केवळ इतिहास नव्हे, म्हणून ते वाचताना सावकाश वाचावेत.

येथे शोधाची यंत्रणा दुबळी वाटते त्याचे कारण छायाचित्रांचे मूळ मथळे आहेत. ते युद्धकाळात, सेन्सॉरच्या नजरेखाली लिहिले गेले. पुष्कळ वेळा जागेचे नाव गाळलेले असते, पथकाचे नाव नसते, आणि ‘ब्रह्मदेशात कोठेतरी’ अशा धर्तीच्या वर्णनावर भागवलेले असते. म्हणून मथळ्यावर न थांबता छायाचित्रच वाचायला शिकावे लागते. वाको सीजी-४ए हा अमेरिकन ग्लायडर पेटीसारख्या आकाराचा, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेला आणि पंखांना तिरपे आधार दिलेला असतो. जीप किंवा तोफ आत घेता यावी म्हणून त्याचे नाक वैमानिकांच्या आसनांसकट वर उचलले जाते. होर्सा लाकडी, लांब आणि गोलसर असतो. अमेरिकन विमानांवरच्या ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतील तर छायाचित्र १९४३ च्या उन्हाळ्यानंतरचे आहे. शेपटीवरचा क्रमांक स्पष्ट असेल तर त्याच्या आधी गाळलेला ४ हा अंक जोडावा. मिळणाऱ्या पूर्ण क्रमांकावरून खरेदीचे आर्थिक वर्ष आणि बनवणारा कारखाना हे दोन्ही काढता येतात. सुमारे १३,९०० वाको ग्लायडर सोळा कंपन्यांनी बनवले आणि त्यांत सर्वाधिक वाटा मिशिगन राज्यातील आयर्न माउंटन येथील फोर्डच्या कारखान्याचा होता. कारखान्याचा तपशील कोरडा वाटेल, पण १ ऑगस्ट १९४३ रोजी सेंट लुई शहरात प्रात्यक्षिकाच्या वेळी पंखाचा आधार तुटून ग्लायडर कोसळला आणि महापौरांसह दहा जण मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचे मूळ उपकंत्राटदाराने बनवलेल्या एका सदोष जोडात सापडले. कोणत्या कारखान्याचा कोणता ग्लायडर, हा प्रश्न माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे.

या ठिकाणी खरेदीच्या वाटेविषयीही सांगितले पाहिजे. युद्धकालीन छायाचित्रांच्या प्रती विकणाऱ्या एका खासगी विक्रेत्याकडून मी घेतलेल्या ग्लायडरच्या छायाचित्राखाली ‘ब्रह्मदेश, मार्च १९४४’ असा मथळा होता. प्रत्यक्षात विमानाच्या धडाभोवती आणि पंखांवर काळे-पांढरे आक्रमण-पट्टे होते, जे जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीसाठी रंगवले गेले. ज्या विक्रेत्याकडे मूळ अभिलेखागाराचा क्रमांक मिळत नाही, त्याच्याकडून छायाचित्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच चित्र अनेकदा सरकारी संकेतस्थळावर फुकट असते.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या छायाचित्र-संग्रहाविषयी थोडक्यात सांगता येईल. मथळे अधिक काळजीपूर्वक संपादित केलेले आहेत, आग्नेय आशियातील लष्करी छायाचित्रे एसई या मालिकेत सापडतात, आणि अव्यापारी वापरासाठीच्या परवान्याच्या अटी नीट लिहिलेल्या आहेत. ओळख पटवण्यासाठी हे संकेतस्थळ उत्तम आहे. शेपटीवरचा क्रमांक वाचण्याइतके मोठे चित्र हवे असेल तर प्रत विकत घ्यावी लागते.

पथकांच्या नोंदींसाठी मात्र मी अलाबामा राज्यातील मॅक्सवेल तळावरच्या वायुदल ऐतिहासिक संशोधन संस्थेला सर्वांत वरचे स्थान देईन. थर्स्डे मोहिमेतील ग्लायडर कॉक्रन यांच्या पहिल्या एअर कमांडो ग्रुपचे होते, आणि अमेरिकन वायुदलाच्या पथकांचे इतिहास याच संस्थेत जमा झालेले आहेत. कागद पूर्वी मायक्रोफिल्मवर उतरवले गेले आणि त्या फिल्मवरून संगणकीय प्रती तयार झाल्या. त्यामुळे फिकट टंकलेखन आणखी फिकट झालेले असते, काही पाने काळवंडलेली असतात, पण मजकूर समकालीन असतो आणि त्याचे मोल तेथेच आहे. एका सी-४७ मालवाहू विमानाच्या मागे दोन-दोन ग्लायडर जोडून, पूर्ण भाराने, रात्रीच्या वेळी डोंगरांवरून न्यायचे म्हणजे काय, हे अशाच कागदांतून कळते: दोर तुटणे, ग्लायडर भारताच्याच हद्दीत उतरणे, काहींचे शत्रूच्या भागात पडणे. ब्रॉडवेवरून अपघाताचा ‘सोया लिंक’ हा सांकेतिक शब्द आल्यावर पुढची उड्डाणे थांबवली गेली आणि सकाळी ‘पोर्क सॉसेज’ हा शुभ संकेत आला. प्रकाशित वृत्तान्तांत निघालेल्या ग्लायडरांची संख्या साठाच्या आगेमागे बदलत राहते आणि ब्रॉडवेवर पोचलेल्यांची ३२ ते ३५ अशी सांगितली जाते. वाटेत तुटलेले आणि परत बोलावलेले ग्लायडर कोणत्या रकान्यात धरायचे, यावर हे आकडे हलतात, म्हणून एखादा आकडा उचलून छापण्यापूर्वी मूळ तक्ता पाहणे हाच मार्ग आहे. त्या रात्री उतरलेल्या वैमानिकांमध्ये चॅप्लिनच्या मूकपटातला बालकलाकार जॅकी कूगन होता, हा तपशील लेखांत हटकून येतो. त्याच्याबरोबर आलेल्या इतरांची नावेही तितक्याच अगत्याने शोधली जावीत असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्याच रात्री ब्रॉडवेवर विमाने उतरू लागली, आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे ९,००० माणसे व हजाराहून अधिक खेचरे शत्रूच्या पिछाडीला पोचली. ती धावपट्टी साफ करण्यासाठी लागणारी लहान यंत्रे ग्लायडरांतूनच आली होती. त्यामुळे कोणता ग्लायडर काय घेऊन निघाला, ही भार-यादी या मोहिमेच्या अभ्यासात मुख्य कागद ठरते.

मॅक्सवेलला किंवा क्यूला ईमेलने मागणी पाठवताना ‘ब्रह्मदेशातील ग्लायडर’ असे मोघम लिहू नये. पथकाचे पूर्ण नाव, महिना आणि वर्ष लिहावे, परिशिष्टे हवी आहेत हे वेगळे नमूद करावे, कारण मोहिमेचे आदेश आणि भार-याद्या बहुधा परिशिष्टांतच असतात, आणि आपल्याजवळच्या छायाचित्राचा मालिका-क्रमांक सोबत द्यावा.