आठ चौकटींची सातेरी मधपेटी: लाकडाआधी फट मोजा

मधपेटी ऑनलाइन शोधली की बहुतेक वेळा पुढे येते ती दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी (चौकट म्हणजे माश्या जिच्यात पोळं बांधतात ती सुटी लाकडी फ्रेम). ती युरोपीय मेलिफेरा मधमाशीच्या मापाची. आपली देशी मधमाशी सातेरी अंगाने लहान आणि वसाहतही लहान, एवढी मोठी पोकळी तिला ऊबदार ठेवता येत नाही. सातेरीसाठी आठ चौकटींची 'ए टाईप', म्हणजे लहान मापाची पेटीच घ्या. सागवानी असेल तर पाऊस चांगला सोसते, फक्त उचलायला जड.

खरी पारख चौकटींच्या मापात आहे. शेजारच्या दोन चौकटींच्या मध्यांत 30 ते 32 मिमी अंतर हवं. मेलिफेराला ते 35 लागतं. चौकट आणि भिंत यांच्यातली फट 7-8 मिमी. फट मोठी असली की माश्या तिथे जादा पोळं बांधतात आणि चौकट उपसताना मध, पिलावा (अंडी-अळ्यांचं पोळं) सगळं फाटतं. स्वस्त पेट्या इथेच मार खातात. रंग फक्त बाहेरून द्या. आत व्हार्निशचा वास असेल तर वसाहत टिकत नाही.

स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच. पण गवताचं एक पातं जरी पेटीला टेकलं, तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. तळपाट सुटा निघणारा घ्या. दर आठ-दहा दिवसांनी तो खरवडायचा, कारण पडलेल्या मेणाच्या भुशात मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी अळी, वाढतो. पोळ्यात रेशमी जाळी आणि काळे कण दिसले की तो शिरलाच. माश्यांनी न झाकलेली पोळी तेव्हाच काढून टाका. पावसाळ्यात फुलोरा कमी असतो. साखर-पाणी समभाग पाक संध्याकाळीच द्या, दिवसा दिला तर दुसऱ्या वसाहती लुटायला येतात.

पेटी चांगलीच, पण नुसती पेटी आणून मधमाशी वाचत नाही. माश्या कमी होतात त्या फुलझाडं तुटल्याने, आग्या या मोठ्या रानमाशीची पोळी जाळल्याने आणि फवारणीने. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक परागात, मकरंदात उतरतं. संध्याकाळी फवारूनही ते तिथे राहतंच. म्हणून फुलोऱ्यात ते नकोच. आसपास शेवगा, करंज, जांभूळ, तुळस असा वर्षभर आळीपाळीने फुलणारा झाडोरा नसेल, तर पेटीचे पैसे आधी रोपांवर घाला.

रानातली वसाहत पेटीत भरताना तिची मूळ पोळी चौकटीत केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीच्या पट्टीने) बांधा. प्लॅस्टिकची दोरी पोळं कापते. सोप माश्या स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात.